गाडीखालचा लाल डाग

मध्यमवर्गीय घरातून गाडी जुनी झाली म्हणून लगेच निघत नाही. वडिलांच्या गाडीवर मुलगा हात साफ करतो, पुढे सून तीच घेऊन ऑफिसला जाऊ लागते, आणि गणपतीला सगळे कुटुंब तिच्यातूनच घाट उतरते. अशा गाडीची लहानसहान दुखणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गुडघेदुखीसारखी सर्वांच्या अंगवळणी पडतात. पार्किंगच्या फरशीवर पुढच्या बाजूला उमटणारा लालसर डाग हे त्यातलेच एक. ‘पॉवर स्टिअरिंगचे ऑइल जरा गळते, अधूनमधून टाकावे लागते,’ असे म्हणून विषय मिटवला जातो. खरे तर तो तिथून सुरू व्हायला हवा.

अॅम्बॅसडर किंवा पद्मिनी चालवलेल्यांना उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना खांदे कसे भरून येत, हे आठवत असेल. हे कष्ट वाचवण्यासाठी फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा तयार केली. ती विक्रीच्या मोटारीत यायला मात्र १९५१ साल उजाडले. क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत ती प्रथम बसली. आजच्या बहुतेक नव्या मोटारींत हे काम विजेची मोटर करते. तेलाची गळती हा म्हणून मुख्यतः जुन्या गाड्यांचाच प्रश्न उरला आहे.

रचना साधी आहे. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप डबीतले तेल ओढतो आणि जाड नळीतून स्टिअरिंगच्या रॅककडे ढकलतो. काम झालेले तेल दुसऱ्या नळीने परत येते. आपण चाकात हवा भरतो ती साधारण ३० पौंड दाबाची. स्टिअरिंग पूर्ण वळवताना या तेलाचा दाब हजार पौंडांच्याही वर जातो. वर्षानुवर्षे इंजिनची धग सोसून कडक झालेले रबर अशा दाबापुढे कुठे ना कुठे हार मानतेच.

नुसते तेल ओतत राहण्यातला धोका इथेच आहे. एखाद्या वेळी ओतायचे राहिले, की पंप हवा ओढू लागतो, डबीत फेस दिसतो आणि वळताना कण्हल्यासारखा आवाज येतो. हेच तेल पंपाचे वंगणही असते. ते कमी पडले की पंप झिजतो आणि त्याचा धातूचा चुरा रॅकमध्ये जातो. एका नळीवर भागले असते तिथे पंप आणि रॅक दोन्ही बदलायची वेळ येते. तेल संपले तरी चाके वळतात, पण स्टिअरिंग एकाएकी जड होते. बोरघाटाच्या वळणावर हा अनुभव कोणाला नको. शिवाय गळके तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडले, तर आगीची भीती असते.

म्हणून आधी शोध, मग दुरुस्ती. तेलकट भाग स्वच्छ पुसून खाली कोरा पुठ्ठा ठेवावा. इंजिन सुरू करून एकाने स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवावे. टोकाला मात्र ते चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. दुसऱ्याने लांबून बॅटरीच्या उजेडात पाहावे. चालू इंजिनमध्ये हाताने चाचपू नये. बारीक छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडीत घुसू शकते. तेल खाली ओघळते, त्यामुळे ओलाव्याची सर्वांत वरची जागा हीच खरी गळतीची जागा.

पुष्कळदा दोष किरकोळ निघतो. परतीच्या नळीचा क्लॅम्प ढिला असतो, नळीला चीर असते किंवा जोडाचा तांब्याचा वॉशर दबलेला असतो. पंपाच्या दांड्याचे ऑइल सील गेले असेल तर तेवढे बदलता येते. दाबाची नळी मात्र चिकटपट्टीने किंवा साध्या पाइपने जोडू नये. तयार नळीच घालावी. रॅकच्या टोकाच्या रबरी बुटात तेल साचलेले आढळले, तर आतली सील संपली असे समजावे. हे काम अनुभवी मिस्त्रीचे. त्यानंतर व्हील अलाइनमेंटही करून घ्यावे लागते. गळती थांबवणाऱ्या औषधी बाटल्या रबर फुगवून काही काळ वेळ मारून नेतात, इतकेच.

तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नये. त्याने ही रबरे खराब होतात. काम झाल्यावर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश अनेकदा फिरवावे आणि डबी भरत राहावे, म्हणजे अडकलेली हवा निघते.

मिस्त्रीकडे गाडी नेताना ‘तेल भरून द्या’ म्हणण्याऐवजी ‘कुठून गळते ते दाखवा’ म्हणावे. प्रामाणिक कारागिराला हा प्रश्न आवडतो. आणि आठवड्याने पुन्हा पुठ्ठा ठेवून पाहावा. तो कोरा राहिला, तर घरच्यांना घेऊन घाट उतरायला हरकत नाही.