निर्झरावरील शीळ

शहाडजवळून संथ वाहणारी उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर ही गावे मागे टाकून येथवर येते. शहाडला ती शांत दिसते. परंतु तिला मिळणारे डोंगरातील ओढे पावसाळ्यात गर्जत धावतात. त्या गर्जनेतूनही पहाटेच्या वेळी एक लांब, गोड शीळ स्पष्ट ऐकू येते. कोणी मुलगा मनाला येईल तशी शीळ घालीत रानातून चालला आहे, असाच भास होतो. म्हणूनच इंग्रजांनी ह्या पक्ष्याला 'शीळ घालणारा शाळकरी मुलगा' असे टोपणनाव दिले. आपल्याकडे त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात.

हा पक्षी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असतो. दुरून तो काळा वाटतो. पण ऊन पडताच त्याच्या कपाळावरील व खांद्यावरील निळा रंग झळकू लागतो. खेकडे, बेडूक, गोगलगायी, किडे आणि रानफळे हे त्याचे खाद्य. ओढ्याकाठच्या खडकाच्या कपारीत शेवाळ, मुळ्या व माती ह्यांचे घरटे तो बांधतो. पावसाळा हा त्याच्या विणीचा आणि गाण्याचा मुख्य काळ होय.

पाण्याच्या एवढ्या गोंगाटात शीळ विरून कशी जात नाही? प्रपाताच्या घोषात अनेक स्वर मिसळलेले असतात व त्याचा जोर मुख्यतः खालच्या स्वरांवर असतो. शीळ मात्र एका वेळी एकाच स्वरावर एकवटलेली असते. त्यामुळे ती गोंगाटातून वेगळी उठून दिसते. पक्ष्यांचे स्वरयंत्र मनुष्याप्रमाणे गळ्याच्या वरच्या भागात नसून, श्वासनलिकेला जेथे दोन फाटे फुटतात तेथे असते. गाणारे पक्षी त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवू शकतात.

परंतु उत्तम यंत्र असले म्हणून गाणे आपोआप येत नाही. केंब्रिजचे शास्त्रज्ञ विल्यम थॉर्प ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात चॅफिंच पक्ष्याची पिले एकांतात वाढवून पाहिली. त्यांना गाता आले, पण ते गाणे ओबडधोबड निघाले. वडीलधाऱ्यांचे गाणे कानी पडल्यावाचून त्याला पूर्ण रूप येत नाही. शीळकरी कस्तूराला लहानपणापासून पाळल्यास तो माणसाने वाजविलेल्या चालीही उचलतो, असे जुन्या निरीक्षकांनी नोंदले आहे.

ह्या पक्ष्याचा कुलवृत्तांतही मनोरंजक आहे. तो सह्याद्रीत आढळतो, तसाच सातपुड्यातही आढळतो. त्याचे निळे भाऊबंद हिमालयात राहतात. असे सारखे जीव इतक्या दूर कसे पसरले? सुंदरलाल होरा ह्यांनी डोंगरी ओढ्यांतील माशांचा अभ्यास करून असे सुचविले, की एके काळी सातपुड्याच्या रांगेने त्यांना पूर्वेकडून पश्चिम घाटापर्यंत वाट दिली असावी. १९४९ साली डॉ. सालिम अली ह्यांनी पक्ष्यांच्या बाबतीत ह्या वाटेचा विचार मांडला. त्या कल्पनेवर आजही शास्त्रज्ञांत वाद आहे. पूर्वी हा पक्षी कस्तूरांच्या कुळात गणला जाई. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनंतर त्याला माशीमार पक्ष्यांच्या कुळात स्थान मिळाले. ऑस्ट्रेलियातील 'व्हिसलर' पक्षी तर सर्वस्वी निराळ्याच कुळातले. शीळ सारखी, म्हणून नातेही जवळचे असते असे नाही!

उलट, खरा आप्त कधी कधी अंगणातच असतो. उन्हाळ्यात वस्तीतील झाडांवर व घरांच्या कौलांवर बसून गाणारा काळा-पांढरा दयाळ ह्याच माशीमार कुळातला आहे. दयाळाने माणसाचा शेजार पत्करला. शीळकरी कस्तूराला मात्र झाडीची सावली आणि वाहता ओढाच लागतो. त्याच्या विणीच्या दिवसांतच धबधब्यांवर माणसांची झुंबड उडते. झाडी तुटली किंवा कपारीतील घरटे विस्कटले, तर केवळ काही पिलेच जातात असे नव्हे. वडिलांकडून पिलांकडे चालत आलेल्या गाण्याचा धागाही तुटतो. ओढा राखणे म्हणजे ही विनाभिंतींची शाळा राखणेच होय.