साथ ओसरताना केलेली खरेदी

म्हसावद हे नंदुरबार जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. शहाद्याहून धडगावला जाणारा रस्ता इथून पुढे घाटाला लागतो. वरच्या पाड्यांवरचा रुग्ण आधी झोळीतून, मग जीपने खाली येतो. अशा मुलखात ऐनवेळच्या धावपळीने भागत नाही. साथ म्हणजे काय, हे नंदुरबार जिल्ह्याने आधीच पाहिले होते: फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू याच जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

२०२० साली कोरोना आला, तेव्हा सुरुवातीला नमुने तपासायला धुळ्याला पाठवावे लागत. नर्मदाकाठच्या बायका भीतीने अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तर चिमलखेडीची सेविका स्वतः होडी वल्हवत त्यांच्या पाड्यांवर पोचली. बाळांची वजने चुकली नाहीत.

सर्वांत मोलाचा निर्णय मात्र त्या सप्टेंबरातला. पहिली लाट ओसरत होती, सगळीकडे सुटकेचा नि:श्वास होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस, शेजारच्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. ब्राझील-अमेरिकेतली रुग्णवाढ पाहून त्यांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा, मिनिटाला ६०० लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारून घेतला. अशा एका प्रकल्पाची किंमत सुमारे ८५ लाख रुपये. रुग्ण कमी होत असताना एवढा पैसा यंत्रात घालायला धाडस लागते. फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये आणखी दोन प्रकल्प आले.

एप्रिलमध्ये जिल्ह्यात दिवसाला बाराशेवर रुग्ण सापडू लागले. राज्यभर नातेवाईक सिलिंडरसाठी वणवण फिरत होते. नंदुरबारात मात्र ऑक्सिजन होता; तिथे शेजारच्या जिल्ह्यांतून, गुजरात-मध्य प्रदेशातूनही रुग्ण येत होते.

यंत्राइतकीच माणसांची नजर कामी आली. रुग्ण जेवायला बसला किंवा शौचाला गेला, की मास्क खाटेवर पडायचा आणि ऑक्सिजन तसाच वाहत राहायचा. तो बंद करायला, कुणाला किती लिटर लागतो ते पाहायला ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. ही कल्पना पुढे राज्याने उचलली.

लसीकरण त्या मानाने अवघड गेले. अफवा घाट चढून आधीच पोचल्या होत्या. भिली-पावरीत बोलणारा ओळखीचा माणूस दारात आला, तेव्हा कुठे दंड पुढे झाले. ही ओळख विकत घेता येत नाही. ती साथ नसतानाच जमवावी लागते.

यंत्राचेही तसेच: ऑक्सिजनचे यंत्र न वापरता पडून राहिले तर बिघडते. आपल्या तालुक्यातले यंत्र शेवटचे कधी चालवून पाहिले, हे येत्या ग्रामसभेत जरूर विचारा.