पाताळातील यंत्रे आणि थेंबभर वंगण

सिंदखेडराजाहून मेहकरकडे निघाले की वाटेत दुसरबीड लागते. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव काळ्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हारस थिजून हा खडक तयार झाला. त्यात कोळसा सापडत नाही. म्हणून दुसरबीडच्या शाळेतील विद्यार्थ्याने कोळशाची खाण प्रत्यक्ष पाहिलेली नसणेच अधिक संभवते. पण संध्याकाळी अभ्यासाला बसताना तो विजेचा दिवा लावतो तेव्हा त्याचा खाणीशी संबंध येतोच. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा कोळसा जाळणाऱ्या केंद्रांतून येतो. त्यासाठीचा बराच कोळसा विदर्भाच्या पूर्व भागातून, नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतून मिळतो.

तेथील खडक बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने, पंचवीस कोटी वर्षांहूनही आधीचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे एकोणिसाव्या शतकातच कोळसा काढला जात होता. १९७३ साली देशातील कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. तिचा बहुतेक कोळसा आज उघड्या खाणींतून निघतो. पण काही खाणी भूमिगत आहेत. आज आपण त्या भूमिगत खाणींतील यंत्रांविषयी बोलणार आहोत. ही यंत्रे झिजतात का आणि त्यांचे आयुष्य वाढवता येते का, ते पाहू.

मोटर पळते, साखळी चालते

जमिनीखाली सुरुंगाने फोडलेला कोळसा भरणी यंत्राने उचलतात आणि पुष्कळ ठिकाणी साखळी कन्व्हेयरवर टाकतात. लोखंडी पन्हाळीतून जाड साखळ्या फिरत असतात. त्यांना जोडलेल्या आडव्या पट्ट्या कोळसा पुढे ओढत नेतात. तेथून तो रबरी पट्ट्यावर पडतो आणि वर जमिनीकडे निघतो.

आता विचार करा. विजेची मोटर मिनिटाला सुमारे १,४७५ फेरे घेते. साखळी मात्र सावकाश, पण प्रचंड जोराने ओढली गेली पाहिजे. वेग कमी करून जोर वाढवण्याचे हे काम गिअरबॉक्समधील दंतचक्रे करतात. लहान चक्र मोठ्या चक्राला फिरवते, की वेग घटतो आणि फिरवण्याचा जोर वाढतो. साखर कारखान्यातही हेच घडते. दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. पण उसाचे चरक सावकाश फिरतात आणि त्यांना फिरवणारे यंत्र वेगाने पळते, हे ज्यांनी कोणताही कारखाना पाहिला आहे त्यांना आठवेल.

मोटर, तिचा जोड, दंतचक्रे, दंड, बेअरिंगे, दातेरी चाक आणि साखळी या सर्वांना मिळून यंत्राची चालक साखळीच म्हणता येईल. यातील एक कडी निकामी झाली की सारे थांबते.

मोटरच्या दंडावरील लहान दंतचक्राचा एकच दात डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक फेऱ्यात त्यावर एकदा दाब येतो. दिवसाला १६ तास काम धरले तर त्या एका दातावर रोज १४ लाख १६ हजार वेळा दाब येतो. ३०० दिवसांत बेचाळीस कोटींहून अधिक वेळा! तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुनःपुन्हा वाकवली की तुटते. धातूलाही असा शिणवटा येतो. जर्मन अभियंता ऑगस्ट व्हेलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून हे दाखवून दिले. एका दणक्याने न मोडणारा आस मध्यम भाराच्या लाखो आवर्तनांनी मोडतो.

भार वाढला, आयुष्य घटले

बेअरिंगला शास्त्रीय परिभाषेत धारवा म्हणतात. फिरणाऱ्या दंडाला ते आधार देते आणि त्यातील गोळ्यांमुळे घर्षण कमी होते. स्वीडनमधील लुंडबेरी आणि पाल्मग्रेन या शास्त्रज्ञांनी १९४७ साली बेअरिंगच्या आयुष्याचा जो सिद्धान्त मांडला, तो तुम्हालाही वापरता येईल इतका सोपा आहे. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते.

भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे होईल, असे तुम्हाला वाटेल. पण २ चा घन ८, म्हणून आयुष्य एक अष्टमांश उरते! भार फक्त २५ टक्के वाढला तर १.२५ चा घन १.९५, म्हणजे आयुष्य जवळजवळ निम्मे. उलट भार २० टक्क्यांनी कमी केला तर ०.८ चा घन ०.५१, म्हणजे आयुष्य जवळजवळ दुप्पट.

यंत्राचे आयुष्य वाढवण्याची पहिली किल्ली हीच आहे. खाणीतला बराचसा भार कोळसा ओढण्याचा नसून विनाकारण पडलेला असतो. साखळी गरजेपेक्षा जास्त ताणली, की बेअरिंगवर दिवसरात्र फुकटचा भार पडतो. मोटरचा दंड आणि गिअरबॉक्सचा दंड एका सरळ रेषेत नसले, की प्रत्येक फेऱ्याला दोन्ही दंड एकमेकांना वाकवू पाहतात. खाणीतील जमीन वरच्या खडकाच्या दाबाने हळूहळू फुगते. त्यामुळे बसवताना सरळ असलेले यंत्र काही महिन्यांनी तिरके झालेले असू शकते. म्हणून कुशल तंत्रज्ञ मापकाने ही रेषा पुनःपुन्हा तपासतो. त्याला नवीन सुटा भाग लागत नाही. लागते ती एक पातळ पट्टी आणि अर्धा तास.

दोन पंख्यांची युक्ती

पन्हाळीत कोळशाचा मोठा गोटा अडकला तर काय होईल? साखळी थांबेल, पण मोटर तिला ओढतच राहील. दात मोडेल, नाहीतर साखळी तुटेल. यावरचा उपाय जर्मनीतील हेरमान फ्योटिंगर याने १९०५ साली पेटंट घेतलेल्या एका शोधातून आला.

टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. दुसऱ्याची पिन काढून ठेवा. चालू पंख्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. दोघांना जोडणारा लोखंडी दांडा नाही, तरी गती पोचली. द्रव जोडात वाऱ्याऐवजी तेल किंवा पाणी असते. मोटरकडील पाती द्रव फेकतात आणि गिअरबॉक्सकडील पाती त्याने फिरतात. गोटा अडकला तर दुसरी बाजू थांबते, पहिली फिरत राहते आणि द्रव तापतो. तो फार तापला, की जोडाला बसवलेली मऊ धातूची गुडदी वितळते, द्रव बाहेर पडतो आणि जोर आपोआप सुटतो. छोटी गुडदी गेली. लाखमोलाचा गिअरबॉक्स वाचला. मोटर सुरू होतानाचा हिसकाही हा जोड पचवतो.

केसापेक्षा बारीक शत्रू

पूर्वी बैलगाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरून आसाला वंगण लावी. लोखंडावर लोखंड घासू नये, मध्ये तेलाचा पापुद्रा असावा, हे तत्त्व त्याला पुस्तकाविना ठाऊक होते. गिअरबॉक्समध्येही तोच पापुद्रा काम करतो. मात्र बेअरिंगमध्ये तो सुमारे एक मायक्रोमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो.

आता खाणीतील धूळ पाहा. कोळसा मऊ असतो. पण त्याच्याबरोबर वालुकाश्माची, म्हणजे क्वार्ट्झची धूळ येते. मोहसच्या कठीणतेच्या श्रेणीत क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर आहे. तो कठीण केलेल्या पोलादालाही ओरखडू शकतो. दहा मायक्रोमीटरचा कण डोळ्यांना दिसत नाही, पण तेलाच्या पापुद्र्यापेक्षा तो दहापट जाड असतो. तो आत शिरला की दोन पृष्ठभागांमध्ये कानसच ठेवल्यासारखे होते.

म्हणून दुसरी किल्ली म्हणजे धुळीला बाहेर ठेवणे. दंड जेथून बाहेर येतो तेथे वळणावळणाची अरुंद वाट करून ती ग्रीसने भरतात. धूळ या भुलभुलैयात अडकते, आतपर्यंत पोचत नाही. तेल भरताना झाकण उघडण्यापूर्वी भोवतीची जागा पुसणे आणि तेल गाळून भरणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण येथेच बाजी जिंकली किंवा हरली जाते.

पाणी हा दुसरा शत्रू. खाणीत छतातून पाणी झिरपते. तेलात ते मिसळले की तेल दुधट दिसते. मग पापुद्रा फाटतो आणि गंज चढतो. तिसरा शत्रू उष्णता. तेलाचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले, की तेल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. गिअरबॉक्सवर कोळशाचा थर साचला तर तो गोधडीसारखा उष्णता कोंडून ठेवतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फावडे आणि झाडू!

येथे एक गैरसमज दूर करू. जास्त ग्रीस म्हणजे जास्त आयुष्य, असे नव्हे. बेअरिंग ग्रीसने ठासून भरले तर ते ग्रीस घुसळत राहते आणि तापते. साधारणपणे आतील मोकळ्या जागेचा एक तृतीयांश ते निम्मा भाग भरणे पुरते.

बाहेरून कठीण, आतून चिवट

दंतचक्राचा पृष्ठभाग झिजू नये म्हणून तो कठीण हवा. पण सगळाच दात कठीण केला तर तो काचेसारखा ठिसूळ होऊन दणक्याने मोडेल. मग करायचे काय? सुमारे ०.२ टक्के कार्बन असलेल्या चिवट पोलादाचे चक्र बनवतात. ते ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून कार्बनयुक्त वायूत ठेवतात. बाहेरच्या एक-दोन मिलिमीटर थरात कार्बन मुरतो आणि त्याचे प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आसपास जाते. मग चक्र तेलात झटकन थंड करतात. बाहेरचा थर कठीण होतो, गाभा चिवटच राहतो. नारळाची करवंटी आणि तिच्यावरचा काथ्या यांची जागा उलटवावी, तसा हा प्रकार आहे!

तेलाची रक्ततपासणी

वैद्य रक्त तपासून रोग ओळखतो. अभियंता वापरलेले तेल तपासतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतील रेल्वेने इंजिनांच्या तेलातील धातूंचे प्रमाण मोजायला सुरुवात केली. लोखंड वाढले तर दंतचक्र किंवा बेअरिंग झिजते आहे, तांबे वाढले तर काशाचा भाग, आणि सिलिकॉन वाढले तर धूळ आत शिरते आहे. आवाज, कंपन आणि तापमान यांवरूनही रोग आधी कळतो. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. हे नाव १९६६ साली ब्रिटनमधील पीटर जोस्ट यांच्या अहवालामुळे रूढ झाले. या शास्त्राकडे नीट लक्ष दिले तर एकट्या ब्रिटनचे वर्षाला साडेएक्कावन्न कोटी पौंड वाचतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता.

प्रश्न केवळ पैशांचा नाही

भूमिगत खाणीत बंद पडलेला गिअरबॉक्स बदलणे म्हणजे वर्कशॉपमधले काम नव्हे. छत ठेंगणे, जागा अरुंद, उजेड टोपीवरच्या दिव्याचा. टनभर वजन साखळी-कप्पीने उचलायचे. जितक्या वेळा असे काम निघेल, तितक्या वेळा माणसांना धोका. शिवाय कोळशाच्या थरातून मिथेन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून लाल होईपर्यंत तापलेले बेअरिंग ही तेथे केवळ नादुरुस्ती नसते.

२६ सप्टेंबर १९५० रोजी इंग्लंडमधील क्रेस्वेल खाणीत कोळसा वाहणारा रबरी पट्टा फाटून एका जागी अडकला. घर्षणाने आग लागली आणि ८० कामगार प्राणाला मुकले. त्यानंतर सहज न पेटणाऱ्या पट्ट्यांचा आग्रह धरला गेला. पट्ट्याखालचा एखादा रोलर जाम झाला आहे का, हे रोज पाहत चालणारा कामगार आपल्या सोबत्यांच्या जिवाची राखण करत असतो.

करून पाहा

खाण दूर असली तरी तिचे शास्त्र तुमच्या सायकलला लागू आहे. सायकलच्या साखळीत एका खिळीपासून पुढच्या खिळीचे अंतर १२.७ मिलिमीटर असते. म्हणून पहिल्या खिळीच्या मध्यापासून एकविसाव्या खिळीच्या मध्यापर्यंतचे अंतर नव्या साखळीत २५४ मिलिमीटर भरते. साखळी ताणून धरा आणि फूटपट्टीने मोजा. ते २५६ मिलिमीटर भरले तर साखळी ०.८ टक्के लांबली आहे.

पण लोखंड लांबले का? नाही. प्रत्येक सांध्यात खिळीभोवती कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटर झीज झाली. २० सांध्यांची मिळून २ मिलिमीटर. अशी साखळी दात्यांवर नीट बसत नाही, वर चढते आणि दाते आकडीसारखे वाकडे झिजवते. मग साखळीबरोबर चाकही बदलावे लागते. खाणीतील साखळी आणि दातेरी चाक यांचीही हीच कथा आहे.

वर्गातील दहा सायकली मोजा. कोणाच्या साखळीवर धूळ आणि तेलाचा काळा लेप आहे, कोण ती पुसून मगच तेल लावतो, सायकल किती वर्षांची आहे, हे तक्त्यात लिहा. नुसते तेल ओतलेली साखळी आणि पुसून तेल लावलेली साखळी यांत कोणती जास्त लांबली? आकडे हाती आले की उत्तर तुम्हीच आपल्या शिक्षकांना सांगा.