माती एकदाच उचलायची

जेसीबी बांधावर येऊन उभा राहिला की भल्याभल्यांची बुद्धी चालेनाशी होते, असं माझं नोकरीतलं निरीक्षण आहे. मीटर पळत असतो, ऑपरेटर ‘कुठं टाकू?’ म्हणून खोळंबलेला असतो, आणि मालक हात लांब करून म्हणतो, ‘टाक तूर्तास तिकडं.’ हे ‘तूर्तास’ फार महाग पडतं. तिकडे टाकलेला ढीग दोन महिन्यांनी पुन्हा भरावा लागतो, पुन्हा वाहावा लागतो. त्याच मातीचे पैसे दोनदा जातात.

मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. निवृत्त होऊन माण तालुक्यात, गावी राहतो. आमच्याकडे माळाला हात-दीड हात माती, खाली मुरूम, आणि ओढ्याकाठी तेवढी काळी जमीन. त्यामुळे कुणी तळं खोदतो, कुणी ताल टाकतो, कुणी उताराचं रान सरळ करतो, आणि मशीन ठरवायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे येतो. ‘नाना, ताशी घेऊ का ब्रासवर?’ हा ठरलेला प्रश्न. मी उलट विचारतो, ‘माती जाणार कुठं?’ याचं उत्तर सहसा तयार नसतं.

सरकारी दरसूचीत मातीकामाला नुसता खोदाईचा दर नसतो. माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, खडक असे वेगळे दर असतातच, शिवाय ‘लीड’ आणि ‘लिफ्ट’ मोजतात. म्हणजे माती आडवी किती लांब नेली आणि उभी किती उंच चढवली. पहिल्यांदा ते शिकलो तेव्हा मला ती कारकुनी वाटली. साइटवर गेल्यावर कळलं, की पैसा खोदण्यात कमी आणि नेण्यात जास्त जातो.

हिशेब करून बघू. आपल्याकडे सर्रास खोदतात ते शेततळं घ्या: वरती ३० मीटर बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार. तळाला ते २४ बाय २४ उरतं आणि खोदाई होते २,१९६ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे झाले सुमारे पावणेआठशे ब्रास. पण ही जमिनीतली, दबलेली माती. उकरली की ती फुगते. साध्या मातीला मी सव्वापट धरतो, मुरमाला थोडं जास्त. म्हणजे वाहायला साडेनऊशेच्या वर ब्रास. एका ट्रॉलीत एक ब्रास बसते असं धरलं तरी हजाराच्या आसपास खेपा! हा आकडा ऐकून माणूस गप्प होतो, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

कारण या खेपा बहुतेक टाळता येतात. तळ्याच्या कडेला दीड मीटरची पट्टी मोकळी सोडायची आणि तिच्यापलीकडे चारी बाजूंनी बांध घालायचा. माथा दीड मीटर, उंची दोन मीटर, दोन्हीकडे एकास दीड उतार, असा बांध दाबून सुमारे साडेचौदाशे घनमीटर माती खातो. कडेची माती मशीनने वळून थेट त्यावर टाकायची, तिला चाक लागू द्यायचं नाही. उरते ती मधली माती. जेसीबीचा हात पाच-साडेपाच मीटरच पुरतो, तळ्याच्या मध्यातून बांधापर्यंत पोचत नाही. म्हणून सुरुवात मध्यापासून करायची. एका बाजूला ट्रॅक्टर उतरेल असा रस्ता ठेवायचा, मधली माती ट्रॉलीत भरून सरळ तिच्या कायमच्या जागी न्यायची आणि मग मागे सरकत कडा खोदायच्या. उतरायचा रस्ता सगळ्यात शेवटी काढायचा. बहुतेक लोक कडेपासून सुरू करतात. बांध आधी उभा राहतो आणि मधल्या मातीची वाट अडते.

कायमची जागा म्हणजे कुठली? आमच्याकडे उत्तर सोपं आहे. मुरूम निघाला तर पाणंद रस्त्याला किंवा गोठ्यापुढच्या चिखलाला. काळ्या रानावर मुरूम पसरायचा नाही, ‘जागा आहे म्हणून’ तर मुळीच नाही. खोदाईच्या आधी वरची वीतभर सुपीक माती खरवडून वेगळी ठेवायची आणि काम संपल्यावर वर पसरायची. एवढी एकच माती दोनदा हलवायला मी परवानगी देतो.

आता मशीन. गावात दिसणाऱ्या नेहमीच्या जेसीबीची पुढची बकेट साधारण १.१ घनमीटरची असते आणि मागचा पंजा पाव घनमीटरचा. चौपटीहून जास्त फरक आहे. तरी लोक सुट्या मातीचा ढीगसुद्धा मागच्या पंजाने ट्रॉलीत भरायला लावतात. पंजा उकरायला, बकेट भरायला. पोकलेनचा हात लांब, घासही मोठा. पावणेआठशे ब्रासच्या कामाला ताशी दर जास्त असूनही तो शेवटी स्वस्त पडू शकतो. पण त्याला साखळीचे पाय. तो ट्रेलरवरून आणावा लागतो, म्हणून चार तासांच्या कामाला त्याला बोलावू नये. पाच-पन्नास मीटर ढकलायचं असेल तर भरण्याच्या भानगडीतच पडायचं नाही. ट्रॅक्टरमागचं ब्लेड किंवा डोझर पुरतो. त्याच्या पुढे गेलं की चाकं हवीत.

चाकं किती, हा भागाकार आहे. ट्रॉली भरायला पाच मिनिटं, जाऊन रिती करून परत यायला पंधरा. वीस भागिले पाच, चार ट्रॅक्टर. दोनच लावले तर ताशी भाड्याचं मशीन निम्मा वेळ हवा खातं, सहा लावले तर ड्रायव्हर बाभळीखाली तंबाखू मळत बसतात. शक्य असेल तर मशीन वरच्या अंगाला आणि ट्रॉली खालच्या अंगाला, पंजाच्या जवळ उभी करायची. मशीनने पाव वळण घ्यावं, अर्धं नाही. प्रत्येक घासाला काही सेकंद वाचतात, आणि दिवसात घास शेकड्यांनी असतात.

ट्रॅक्टर सगळ्या रानातून मोकाट फिरू द्यायचे नाहीत. ब्रासभर मुरूम चार टनांच्या पुढे जातो. ट्रॉलीची चाकं जमीन अशी दाबतात की पुढच्या हंगामात पीकच चाकोरी दाखवतं. जाण्या-येण्याची एकच वाट आखायची आणि शेवटी तेवढी नांगरायची.

माझी आई १९७२च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. ती सांगायची, त्यांचा मुकादम पाट्या वाहणाऱ्या बायांना भराची वाट आणि रिकामी वाट वेगळी ठेवायला लावायचा, म्हणजे कुणी कुणाला आडवं येत नाही. आज डंपरच्या साइटवर इंजिनिअर हेच करतात. त्याच कामांवर खड्ड्याच्या मधोमध मातीचे खुंट न खोदता राखत, मूळ जमीन किती उंच होती ते मोजता यावं म्हणून. तुम्हीही तळ्यात एक खुंट राखा. शेवटी मापावरून वाद झाला तर तो उपयोगी पडतो. त्याआधीच्या काळात रान सरळ करायला बैलांची केणी होती, आणि माती वडार समाजाची माणसं गाढवांच्या पाठीवर माती वाहत. जिथे चाक जात नाही अशा बोळात आजही गाढवाला तोड नाही. चार गुंठ्यांच्या आत काम असेल तर फावडं, घमेलं आणि एक चाकाची ढकलगाडी यांना मीसुद्धा नाही म्हणत नाही. डोक्यावर पाटी चढवण्यातच निम्मी ताकद जाते, गाडी ती वाचवते.

रान सरळ करताना ते पाटासारखं सपाट करू नका. पाटपाण्याला शंभर फुटांना दोन-तीन इंच उतार हवा. खुंट्या रोवून पाण्याच्या पारदर्शक नळीने पातळी घेतली तरी काम भागतं, डोळ्याने घेतलेली पातळी हमखास फसवते. उंचवट्याची माती सगळ्यात जवळच्या खोलगटात गेली पाहिजे. कटिंग आणि भरणी एकाच रानात जुळली तर बाहेरून माती आणायची गरजच नाही.

आणि हे सगळं वाफशावर. ओली काळी माती बकेटला चिकटते, अर्धा घास परत खाली येतो. पार वाळली की ढेकळं निघतात, बांधात पोकळ्या राहतात आणि पहिल्याच पावसात पाणी तिथून वाट काढतं. बांधाचा प्रत्येक वीतभर थर पाणी शिंपडून दाबायचा, म्हणजे तो पुढे बसत नाही.

बाहेरून आणण्यासारखी एकच माती आहे, तलावातला गाळ. राज्यात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. माळरानाला गाळ सोनं आहे, पण मोजून. एकरभर रानावर १० सेंटिमीटरचा थर द्यायला ४०० घनमीटर लागतो, म्हणजे १४० ब्रास. ढीग रानभर अंतराअंतरावर रिते करायचे, एका कोपऱ्यात नाही. नाहीतर पसरायला पुन्हा जेसीबी.

माती गटाबाहेर न्यायची असेल तर तलाठ्याला आधी विचारा. मुरूम गौण खनिज आहे; विनापरवाना वाहतुकीत गाडी अडकते आणि जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमाखाली दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. जागच्या जागी वापरलेल्या मातीचा प्रश्न वेगळा. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पायाची माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला वापरली म्हणून ती आपोआप गौण खनिज ठरत नाही. ती कशासाठी वापरली हे बघावं लागतं.

राहिला ताशी की ब्रासवर हा प्रश्न. खाली काय लागेल ते माहीत नसेल, कठीण मुरूम किंवा मांजऱ्या खडक लागायची भीती असेल, तर ताशी घ्या आणि दिवसभर तिथेच बसा. सुरुवातीचं आणि जेवणाच्या सुट्टीतलं मीटर वहीत लिहा. जमीन ओळखीची असेल तर ब्रासवर. मात्र माप खड्ड्याचं ठरवा, ट्रॉलीचं नाही. ट्रॉलीतली माती फुगलेली असते आणि पैसे त्या फुगवट्याचेही जातात. ठेकेदाराला हे ठाऊक असतंच. तुम्हालाही ठाऊक आहे हे दर ठरवताना त्याच्या कानावर जाऊ द्या, मग दराचं बोलणं जरा सरळ होतं.