हाड जुळतं, गादी का जुळत नाही?

ऊतींची ओळख : लेखांक ३

‘नुसतं हाड मोडलं असतं तर परवडलं असतं,’ असं हाडांचे डॉक्टर म्हणतात तेव्हा पेशंटला आधी थट्टाच वाटते. एक्स-रे स्वच्छ, हाडाला साधी चीरसुद्धा नाही, मग यात वाईट काय? पण एमआरआयमध्ये गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलेलं किंवा तिथली गादी फाटलेली दिसली की सगळा हिशेब बदलतो. मनगटाचं हाड साधारण सहा आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये जुळून येतं. गुडघ्याच्या मधोमध असलेलं ते लिगामेंट पुरतं तुटलं, तर सहा महिने वाट पाहिली तरी सहसा आपलं आपण सांधत नाही. गंमत म्हणजे हाड, लिगामेंट आणि गादी ही तिन्ही एकाच घराण्यातली. या घराण्याचं नाव संयोजी ऊती.

मागच्या वेळी आपण अभिस्तर ऊती पाहिली. तिथे पेशी एकमेकींना खेटून बसतात, मध्ये फट म्हणून राहू देत नाहीत. संयोजी ऊतीत नेमका उलटा कारभार. पेशी मोजक्या आणि विखुरलेल्या, आणि बरीचशी जागा व्यापतं ते त्यांच्यामधलं आधारद्रव्य. हे द्रव्य बहुतेक ठिकाणी त्या पेशीच तयार करून बाहेर सोडतात. ते द्रव्य कसं आहे, त्यावर ऊतीचा प्रकार ठरतो. त्यात क्षार साचले की हाड, पाणी धरून ठेवणारी साखळीदार प्रथिनं भरली की कूर्चा (शाळेच्या पुस्तकातली कास्थी), तंतू एकाच दिशेने घट्ट बसले की स्नायू हाडाला बांधणारा स्नायूरज्जू किंवा हाड हाडाला बांधणारं लिगामेंट. रक्तही याच घराण्यात धरतात, कारण तिथेही पेशी द्रवात विखुरलेल्या असतात. मुलांना हे पटायला जड जातं आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. रक्तातल्या द्रवाची बहुतेक प्रथिनं रक्तपेशी नव्हे, यकृत बनवतं. चरबी तर याहून आगंतुक. तिथे आधारद्रव्य नावापुरतं आणि माल सगळा पेशीच्या पोटात. वर्गीकरण माणसांनी केलेलं आहे, शरीराने ते वाचलेलं नाही.

मुळात शरीराची अशी वाटणी करायची कल्पना पॅरिसच्या झाव्हिए बिशा या तरुण डॉक्टरची. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने शेकडो प्रेतं उघडली. एकेक भाग तो उकळून, वाळवून, कुजवून, आम्लात बुडवून पाहायचा. जे सारखं वागेल ते एका जातीचं, असा त्याचा ठोकताळा. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वासच नव्हता. तरीही त्याने एकवीस ऊती वेगळ्या काढल्या. १८०१ साली त्याचा मोठा ग्रंथ आला आणि १८०२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो गेला. एकविसांच्या चार मुख्य जाती पुढच्या लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून केल्या.

बिशाची उकळण्याची पद्धत आपल्या स्वयंपाकघरात आजही चालू असते. बकऱ्याच्या पायाचं सूप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी ते थिजून थरथरत असतं. ते थिजवणारं जिलेटिन पातेल्यात कुणी घातलेलं नसतं. हाडातलं आणि रज्जूतलं कोलॅजन शिजून त्याचं जिलेटिन झालेलं असतं. कोलॅजन म्हणजे एकमेकांभोवती पीळ घातलेले प्रथिनाचे तीन धागे. उष्णतेने तो पीळ उलगडतो. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव हिस्सा किंवा थोडं अधिकच या एका प्रथिनाचं भरतं.

हा तीन धाग्यांचा पीळ पहिल्यांदा मांडला तो मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी, १९५४ साली ‘नेचर’मध्ये. कांगारूच्या शेपटीतल्या रज्जूवर क्ष-किरण सोडून त्यांनी ही रचना शोधली. प्रत्येक धाग्यात दर तिसरा दुवा ग्लायसिनचा असतो. ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल. तीन धागे जवळ येतात तिथे आत दुसरं काही मावतच नाही.

पीळ नुसता बसून भागत नाही, शरीराच्या उष्णतेत तो टिकावाही लागतो. त्यासाठी धाग्यातल्या प्रोलिन या दुव्याला एक जादा ऑक्सिजन जोडावा लागतो आणि हे काम नीट चालायला क जीवनसत्त्व लागतं. माशांच्या कोलॅजनमध्ये असे जोडलेले दुवे कमी असतात, म्हणून त्याचा पीळ कमी उष्णतेत उलगडतो. त्यात माशाच्या मांसात कोलॅजन मुळातच कमी. बांगडा दहा मिनिटांत शिजतो आणि मटणाला कुकरच्या शिट्या मोजाव्या लागतात, त्याचं बरंचसं कारण हे.

क जीवनसत्त्व नसेल तर काय होतं, याची एक नोंद विसरता येत नाही. १७४० मध्ये इंग्रज नौदलाचा जॉर्ज अ‍ॅन्सन जगप्रदक्षिणेच्या सफरीवर निघाला. ताजं अन्न संपलं आणि स्कर्व्हीने माणसं पटापट मरायला लागली. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची हकीकत आहे. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. त्याला पन्नास वर्षं लोटली होती, जखमा केव्हाच भरल्या होत्या. स्कर्व्हीने गाठल्यावर त्या पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. मोडून जुळलेलं जुनं हाडही जुळल्या जागी सुटलं.

याचा अर्थ असा की व्रण ही एकदा करून संपलेली दुरुस्ती नसते. तिथलं कोलॅजन मोडत असतं आणि त्याच जागी नवं भरलं जात असतं, आयुष्यभर. भरणं थांबलं आणि मोडणं चालू राहिलं की पन्नास वर्षांपूर्वीचा घावही उघडा पडतो. शिवाय व्रण मूळ कातडीइतका मजबूत कधीच होत नाही. फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो.

हाड मात्र व्रणावर भागवत नाही, ते पुन्हा हाडच होतं. आपल्याला हाड निर्जीव खांब वाटतं, कारण आपण ते वाळलेलं पाहिलेलं असतं. जिवंत हाडातून रक्तवाहिन्यांचं जाळं जातं. हाड मोडलं की आधी त्याच रक्ताची गुठळी फटीत साचते. तिच्यातून पेशींना बोलावणारी रसायनं सुटतात, काही दिवसांत फटीभोवती मऊ कूर्चेचा गोळा धरतो, मग त्यात क्षार भरून कच्चं हाड बनतं. प्लास्टर निघतं ते साधारण याच टप्प्यावर. आतलं काम त्यानंतरही महिनोन्‌महिने चालतं. हाड खाणाऱ्या पेशी जादा भाग कुरतडतात, हाड घालणाऱ्या पेशी ताण येईल तिथे भर टाकतात. लहान मुलांचं थोडं वाकडं जुळलेलं हाड पुढे सरळ होतं ते यामुळेच. गुठळी नसती तर यातलं काहीच सुरू झालं नसतं.

एसीएलचं घोडं नेमकं इथेच अडतं. ते सांध्याच्या आत असतं आणि सांध्यातल्या वंगणद्रवात तुटलेल्या दोन टोकांमध्ये गुठळी टिकत नाही. दुरुस्तीला पायाच मिळत नाही. म्हणून खेळाडूंच्या गुडघ्यात बहुधा मांडीच्या मागचा स्वतःचाच रज्जू काढून तिथे बसवतात आणि तो रुळून पुन्हा मैदानात उतरायला नऊ-दहा महिने जातात. गुडघ्याच्या बाहेर, कडेला असणारं लिगामेंट मात्र पट्टा बांधून बऱ्याचदा बरं होतं. गादीचंही तसंच. तिच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली चीर टाके घातले तर सांधू शकते. आतला भाग कोरडा, तिथे फाटलेला तुकडा पुष्कळदा काढूनच टाकावा लागतो.

हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेची अवस्था याहून बिकट. दोन ते चार मिलिमीटर जाडीचा हा थर, त्यात रक्तवाहिनी एकही नाही आणि नसही नाही. म्हणून झिजायला लागली तरी सुरुवातीला ती बोंब मारत नाही. दुखतं ते भोवतालचं अस्तर आणि खालचं हाड. तिला खाद्य मिळतं सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की ओल्या स्पंजासारखं तिच्यातून पाणी बाहेर येतं, उचललं की आत ओढलं जातं. प्लास्टरमध्ये अडकून पडलेल्या सांध्याची कूर्चा पातळ होते. गुडघा दुखतो म्हणून चालणंच सोडणारी माणसं, डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नसेल तर, तिची उपासमारच करत असतात.

तिचं कोलॅजन व्रणासारखं बदलतं का? याचं उत्तर अणुचाचण्यांनी दिलं. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात इतके अणुबाँब फोडले गेले, की हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं आणि मग हळूहळू उतरत गेलं. अन्नातून तो प्रत्येकाच्या शरीरात गेला. म्हणजे एखाद्या ऊतीतला कार्बन मोजला की ती कोणत्या वर्षांत बनली, ते कळतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी असं मोजून पाहिलं तेव्हा गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजन वाढत्या वयातच बनलेलं निघालं. मोठेपणी त्यात भर जवळपास नाहीच. टाचेमागच्या जाड रज्जूचा गाभाही तसाच, साधारण सतरा वर्षांपर्यंत घडलेला. साठीतला माणूस शाळेतलीच कूर्चा घेऊन जिना चढत असतो.

त्यामुळे कोलॅजनची पावडर पाण्यात घोळून गुडघ्यांना पोचवायची जाहिरात ऐकली की मला पायाच्या सुपाचीच बाजू घ्यावीशी वाटते. दोन्हीचं पोटात सारखंच होतं. पचून अमिनो आम्लं आणि त्यांचे छोटे तुकडे उरतात, त्यांवर गुडघ्याचा पत्ता लिहिलेला नसतो. सूप निदान चवीला बरं.

शस्त्रक्रियेतला एक मार्ग मात्र या सगळ्या गोष्टीला धरून आहे. कूर्चा गेलेल्या जागी खालच्या हाडाला बारीक भोकं पाडतात, म्हणजे मज्जेतलं रक्त वर येऊन गुठळी धरते. कूर्चेला जे कधी मिळत नाही, ते तिला जबरदस्तीने मिळवून द्यायचं. तिथे भरून येतं तेही, पण व्रणाकडे झुकणारी, जाड तंतूंची, कमी टिकाऊ कूर्चा. १९९४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी पेशंटच्याच कूर्चेतल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत बसवल्याचे निकाल छापले. तो उपाय आजही वापरतात, पण ठरावीक जागच्या खड्ड्यासाठी. सगळा सांधाच झिजला असेल तर उरतो तो धातू आणि प्लास्टिकचा गुडघा.

(पुढच्या आठवड्यात : स्नायू ऊती. हृदयाचा स्नायू थकत कसा नाही?)