बिब्बा कोणी लावला?

एमएलसीचा, म्हणजे पोलीस केसचा, पेशंट असला की आमच्या त्वचारोग ओपीडीच्या दारात आधी हवालदार दिसतो, मग पेशंट. त्या दुपारी हवालदारांच्या हातात अपघात विभागाचा कागद होता : ‘मारहाणीच्या खुणा. अभिप्राय द्यावा.’ मागे तिशीतला एक शेतमजूर. परवा रात्री बांधावरून भांडण झालं, काठ्यांनी मारलं, अशी तक्रार. डाव्या हातावर कोपराखाली आणि डाव्या मांडीवर काळपट तपकिरी डाग.

मुका मार लागला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्त आतल्या आत पसरतं, म्हणून वळाच्या कडा पुसट असतात. तो दुखतो, पण सहसा खाजत नाही. अशा वेळी मी साधी काचपट्टी दाबून बघतो. नुसती लाली असेल तर रक्त बाजूला सरतं आणि कातडी फिकी पडते. वाहिनीबाहेर सांडलेलं रक्त मात्र हटत नाही.

या माणसाच्या डागांच्या कडा रेखीव होत्या. वर मोहरीएवढे पाण्याचे फोड. मांडीवरच्या डागाला खाली ओघळ आलेला. आणि गडी बोलता बोलता सारखा खाजवत होता.

बिब्बा उतला होता.

धोबी ज्याच्या रसानं कपड्यांवर खुणा करतो, तोच हा बिब्बा. आंबा-काजूच्या कुळातला. त्यातल्या भिलावनॉलनं कातडी भाजते, शिवाय अनेकांना त्याची ॲलर्जी येते. 1943 साली भारतातल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर असंच पुरळ उठलं, तेव्हा खापर अखेर कपड्यांवरच्या धोबीखुणेवर फुटलं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत बिब्ब्याची ओळख वेगळी आहे : खोट्या केससाठी वळ ‘तयार’ करायचं साधन. असे डाग बहुधा स्वतःचा हात पोचेल तिथेच असतात. इथेही दोन्ही डाग उजव्या हाताच्या टप्प्यात होते. ‘बनावट’ असं लिहायला मी पेन उघडलंसुद्धा.

पण त्वचारोगात पहिल्या दिवसापासून एक सवय लावतात : पेशंट दाखवेल तेवढंच बघायचं नाही. “शर्ट काढा,” म्हटलं. उजव्या खांद्यामागे लालसर निळ्या दोन समांतर रेषा होत्या, मध्ये फिकी पट्टी. गोल काठी जोरात बसली की दाबाखालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि कडेच्या वाहिन्या फुटतात. म्हणून एका फटक्याचे असे रूळ उमटतात. काचपट्टीखाली रंग हलला नाही. तिथे त्याचा स्वतःचा हात पोचणं कठीण होतं. मग मी त्याची बोटं बघितली. स्वच्छ होती.

काळी बोटं दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या आईची होती. “मीच लावला की सायेब,” ती म्हणाली. “लई सुजलं व्हतं. दाभणाला टोचून दिव्यावर तापवला.” गावाकडचा जुना उपाय. मुलाला उतला, तसा थोडा तिलाही. अंगठ्यावर तेच फोड.

त्वचेची साक्ष घ्यायला आम्हाला बोलावतात, तेव्हा बहुतेकदा प्रश्न हाच असतो : दिसतंय ते नक्की काय आहे? मागे एका बाळाच्या कमरेवरचे निळे डाग घेऊन त्याचे आईवडील आले होते. संशय पाळणाघरातल्या बाईंवर. दाबलं तरी बाळ रडेना. आठवड्यानंतरच्या तपासणीत रंग जसाच्या तसा. मार असता तर हिरवा-पिवळा होत गेला असता. जन्माच्या वेळच्या फोटोतही ते डाग होते. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असे जन्मखुणेचे डाग असतात.

नखंही बोलतात. आर्सेनिकच्या विषबाधेनंतर नखांवर पांढरे आडवे पट्टे उमटू शकतात. 1919 साली मीस या डच डॉक्टरनं त्यांचं वर्णन केल्यामुळे त्यांना मीस रेषा म्हणतात. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. पट्टा मुळापासून किती पुढे सरकलाय ते मोजलं की विष कधी पोटात गेलं याचा ढोबळ अंदाज येतो. पण असे पट्टे इतर आजारांतही येतात, त्यामुळे आर्सेनिकचं नाव घ्यायचं तर प्रयोगशाळेचा आधार हवाच.

त्या दिवशी शेतमजुराच्या कागदावर मी दोन जागांचे दोन अभिप्राय लिहिले. हात आणि मांडी : बिब्ब्यासारख्या पदार्थानं झालेला दाह, त्याखाली मार असल्यास आता वेगळा ओळखता येत नाही. खांद्यामागे : लांबट, बोथट वस्तूच्या आघाताशी जुळणारा वळ. प्रत्येक खुणेशेजारी मोजपट्टी धरून फोटो घेतले.

“म्हणजे खरं का खोटं, डॉक्टर?” हवालदार वैतागले.

“कातडीवर एवढंच आहे, ते लिहिलंय.”

मग पेशंटच्या आईला म्हटलं, “मावशी, तुमचाही केसपेपर काढून आणा.” तिला वाटलं, मलमासाठी. मलम तर दिलंच; पण तिच्या अंगठ्यावरचे फोडही मोजपट्टी धरून कागदावर यायला हवे होते.