जळण : जमिनीतलं आणि गव्हाणीतलं



आमगाव स्टेशनावरून कोळशाच्या वाघिणी जाताना आपण पाहतोच. हा कोळसा झाला कसा, असे शिवारफेरीत आम्हाला बरेचदा विचारतात.

उमरेड, वणी, चंद्रपूर, बल्लारपूर भागात २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी दलदल होती. जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे तीत पडली, वर गाळ साचला. हवा न मिळाल्याने ती पुरती कुजली नाहीत. दाब आणि उष्णतेने ओलावा गेला, कर्ब उरला. या खडकांना शास्त्रज्ञांनी 'गोंडवन' हे आपल्याच मुलुखाचे नाव दिले. खुद्द आमगावखाली मात्र कोळसा शोधू नये. इथला खडक पुस्तकात 'आमगाव नाइस' म्हणून नोंदलेला, २०० कोटी वर्षांहून जुना. तो झाला तेव्हा जमिनीवर झाडच नव्हते!

डिझेलचे मूळही तसेच, समुद्रतळाशी गाडलेल्या सूक्ष्म जीवांत. दोन्ही एकदा जाळले की संपले.

ऊसही उन्हाचीच साठवण, पण बारा-चौदा महिन्यांची. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो बगॅस मिळतो आणि त्यावरच बॉयलर चालतो. त्यात निम्मे पाणी असते. वर मुळ्यांची माती आली की राख वाढते, वाफ पडते. गव्हाण रिकामी राहिली की वाफ फुकट जाते. मग लाकूड, राईस मिलचा तूस नाहीतर कोळसा विकत घ्यावा लागतो, आणि तो खर्च उसाच्या भावातूनच जातो. म्हणून मुळ्या-माती झटकून मोळी बांधावी, तोडणीची तारीख पाळावी.

आता पंपाकडे बघा. डिझेल इंजिनातून सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटर जातात. विजेची मोटार म्हणजे कोळसा नाही, असे समजू नका. जिल्ह्यातला तिरोड्याचा ३३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प कोळशावरच आहे. फूटव्हॉल्व्ह जाम, पाइपाला नको तितके कोपरे, तर तेवढेच पाणी काढायला मोटार जास्त वेळ चालते.

आणि पाचट पेटवू नका. खोडव्यात सरीआड पसरले तर ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात. धानाच्या बांधीत ऊस असेल आणि पाणी साचत असेल, तर आधी चर काढावा, मगच पाचट पसरावे.